चौथी ओळ

अर्धा अरबी, अर्धा इंग्रजी कागद हातात आला की तिचं बोट उजवीकडून डावीकडे निघायचं आणि माझं डावीकडून उजवीकडे. मध्येच कुठेतरी टक्कर व्हायची. मग ती म्हणायची, "समजत नाय, पन वाचता येतं. तू तुजं वाच, मी माजं वाचते."

शारजात, रोल्ला भागातल्या आमच्या इमारतीत सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. मूळची रत्नागिरीची. अरबी अक्षरं लहानपणी मदरशात शिकलेली, अर्थ कुणी शिकवलाच नव्हता. पण दुकानाची पाटी असो की शॅम्पूची बाटली, खाला मदरशातल्याच सुरात मोठ्यानं वाचून टाकायची. सून लाजून अर्धी व्हायची. खालाला लाज ठाऊक नव्हती.

घरात मुलगा, सून, दोन नातवंडं आणि निजायची खोली एकच. खाला राहायची माळ्यावर. आधीच्या भाडेकरूनं स्वयंपाकघरावर प्लायवूडचा माळा ठोकून लोखंडी शिडी लावली होती. वर तिचं अंथरूण, शिलाई मशीन, आणि ब्लाउज शिवून घ्यायला आलेल्या आम्हा सगळ्यांच्या बायका.

मग इमारतीला नवा मॅनेजर आला. भाड्याचा करार उघडून म्हणाला, यात एक बेडरूम, किचन, बाथरूम एवढंच आहे, लॉफ्ट कुठाय? गुरुवारपर्यंत शिडी उतरवा. मुलगा गरीब स्वभावाचा. आईला म्हणाला, थोडे दिवस गावी जा. ते थोडे दिवस म्हणजे कायमचे, हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती.

मी तेव्हा टायपिंग सेंटरमध्ये, म्हणजे लोकांचे करार-अर्ज टाइप करून देणाऱ्या दुकानात, होतो. करार घेऊन खाला थेट माझ्या टेबलाशी आली. मी इंग्रजी बाजू वाचली आणि मान हलवली. माळा नव्हताच. ती मात्र अरबी बाजूवर बोट ठेवून ओळी मोजत होती.

"तुज्या बाजूला तीन, माज्या बाजूला चार. चौथी खंय गेली?"

आणि तिनं ती सुरात वाचली. शेजारी अरबी टाइप करणारा सुदानी हसू दाबत म्हणाला, 'वरच्या जोडखोलीसकट' असं लिहिलंय. माझं लक्ष कोपऱ्यातल्या दोन बारीक अक्षरांकडे गेलं. इंग्रजी टाइप करणाऱ्याची सही. माझीच. ओळ मी खाल्ली होती.

खोटं कशाला बोलू, मी पटकन सहीवर अंगठा ठेवला. व्हिसा नोकरीवर होता. मी हळूच म्हणालो, खाला, गुपचूप नवा कागद करून देतो.

"गुपचूप नाय," ती म्हणाली. "मी काय चोरून ऱ्हातंय? त्याच्या तोंडावर सांगायचं. तू सांगायचं."

सांगितलं. ओळ मी गाळली, हे मॅनेजरच्या तोंडावर सांगितलं. मॅनेजर म्हणाला, आम्ही इंग्रजीच मानतो. खाला जागची हलली नाही. इमारतीच्या मालकाला बोलाव म्हणाली. म्हातारा अरबाब, म्हणजे मालक, खरंच आला. कुराणात असतात तशा स्वरांच्या खुणा करारावर कुठून असणार? त्यामुळे खालाचे उच्चार अंदाजपंचे. तिनं ओळ वाचली. त्यानं डोळे मिटून ऐकली आणि एक उच्चार सुधारला. तिनं सुधारून पुन्हा वाचली. त्यानं मॅनेजरकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "खलास." विषय संपला, शिडी राहिली.

माझी नोकरी वाचली, पण सेंटरच्या मालकाच्या शिव्या पोटभर खाल्ल्या. खालानं त्या आठवड्यात मला दोन शर्ट शिवून दिले. दोन्हींच्या बाह्या लांब झाल्या. तक्रार करायची कुणाची छाती होती?

पुढे काही वर्षांनी इमारत पाडायची ठरली. मुलगा गावी परतला, खालाही त्याच्यासोबत गेली. सामान बांधताना मुलगा शिडी सोडवायला लागला. भंगारवाला खाली उभाच होता. खालानं मुलाचा हात धरला. "करारात हाय ती. काडायची नाय."

ती गावीच वारली, मला उशिरा कळलं. पण इमारत पाडली तो दिवस मी पाहिला. समोरची भिंत गेली आणि रस्त्यावरून तिचं स्वयंपाकघर दिसायला लागलं. ओटा फुटला होता, दार पडलं होतं. शिडी मात्र माळ्याला टेकून तशीच उभी होती.