मिठाच्या गोणी आणि फोडशी

पळस्प्याच्या पुढे आमची सोसायटी जिथे संपते, तिथे डोंगराचा उतार सुरू होतो. त्या रानात जूनमध्ये फोडशी उगवते. लांब गवतासारखी दिसणारी रानभाजी. एक ठाकर मावशी ती खुडून आमच्या फाटकाशी विकायची. पावसाळ्यात तिचं घर तेवढ्यावरच चालायचं.

आमच्या अध्यक्षांना मात्र ते रान ओसाड वाटे. अध्यक्ष मूळचे मिठागरवाल्या घरातले. आगर विकून जमीन, जमिनीवर इमारती आणि इमारती विकून झाल्यावर पर्यावरणप्रेम, असा त्यांचा प्रवास. त्यांनी रानात झाडं लावण्याचा सोहळा केला. खड्ड्यांपेक्षा मंडपालाच जास्त जागा लागली. रोपवाटिकेतून आलेली रोपं हारांखाली दिसेनात. शेवटी चुन्याने रंगवलेल्या चौथऱ्यावर अध्यक्षांच्या नावाची संगमरवरी पाटी बसली.

मावशीने रोपाच्या फाटक्या पिशवीतली माती बोटांनी चाळली.

"दादा, यात साबुदाना कोनी टाकला?"

"खत आहे ते," अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. मीही.

ती आफ्रिकन गोगलगाईंची अंडी होती. पूर्वी निदान उन्हाळ्याने त्यांचा समाचार घेतला असता. मे महिन्यात त्या उताराची माती विटेसारखी भाजून निघायची. आता पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळतो आणि मेमध्येच परत येतो. मातीला सुकायला सवड मिळत नाही. हवामानबदलावर अध्यक्ष मंडपात पाऊण तास बोलले होते. त्यातलं काही कळलं असेल तर ते गोगलगाईंनाच. पुढच्या जूनमध्ये मुठीएवढ्या गोगलगाई फोडशीचे कोंब कुरतडत होत्या.

सोसायटीची बैठक बसली, कारण गोगलगाई पार्किंगमध्येही आल्या होत्या. अध्यक्षांनी बैठकीआधीच उरणहून मिठाच्या गोणी मागवल्या होत्या. मावशी आत आली आणि दारातच उभी राहिली.

"दादा, मीठ नको टाकू. मी रोज सकाळी हातानं वेचतंय ना त्यांना. मिठानं फोडशीचं मूळ मरंल."

"अगं, आमच्या सात पिढ्या मिठावर वाढल्या. तू मला मीठ शिकवणार?"

"वाढल्या ना. पन आगरात कदी भाजी उगावलेली बगलीस?"

खुर्च्या करकरल्या. बापजाद्यांनी जन्मभर तुडवलेल्या मिठागरात गवताची काडी उगवत नाही, हे अध्यक्षांना ठाऊक नसेल असं नाही. पण ते पाटीवरचे अध्यक्ष होते आणि मावशी दारात उभी होती. सेक्रेटरींनी इतिवृत्तात 'सर्वानुमते' लिहिलं. त्या सर्वांत मी होतो.

रविवारी मीठ पसरलं गेलं. आधी अर्थातच ग्रुप फोटो: हातात गोणी, डोक्यावर टोप्या, पायाखाली फोडशी. वर असलेल्या गोगलगाई फेसाळून मेल्या. मातीत खोल दडलेल्या वाचल्या, अंडीही वाचली. आता त्या चौथऱ्यावर जमतात आणि कवचासाठी त्याचा चुना खरवडून खातात. अध्यक्षांच्या नावावर रोज नवी चिकट रेघ असते.

यंदा मावशी फाटकाशी बसली, तेव्हा तिच्या टोपलीत मार्केटमधून आणलेली माठाची भाजी होती. मी सवयीने विचारलं, "फोडशी नाही आणली?"

"फोडशी तुमच्या फोटूत हाय," ती म्हणाली आणि माझ्या पिशवीत माठाची जुडी टाकली.