मालकिणीच्या नावावरचे बदल

भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा एक प्रोग्राम मी पन्नाशीत लिहिला आणि सर्वांसाठी खुला ठेवला. खुला म्हणजे कोणीही वापरावा, आतला कोड वाचावा, सुधारणा सुचवाव्यात. सुचवाव्यात, एवढंच. करायच्या मी. कोडचा मुख्य साठा वसईच्या आमच्या घरी, माझ्या टेबलाखालच्या संगणकात होता आणि त्यात लिहायची मुभा मी कोणाला दिली नव्हती. किनाऱ्यावरची सात-आठ हुशार माणसं मला ईमेलने काम पाठवायची. मी ते वाचून, नाक मुरडून, आत घालायची. पहिल्या दिवशी संगणकाने वापरणाऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा मी 'मालकीण' असं लिहिलं होतं. गंमत म्हणून नव्हे.

आमच्या वाडीत विहिरीच्या पंपाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला असायची. त्यावरून मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणत असे, ते इथे लिहीत नाही. आपणही तेच करतोय हे कळायला मात्र माझं शिक्षण कमी पडलं.

प्रत्येक बदलासोबत काय बदललं नि का, याची एक ओळ लिहायची असते. माझ्या ओळी अशा: 'सुधारणा.' 'आणखी सुधारणा.' 'झालं.' 'आता झालं.'

एका दुपारी पाचूबंदरच्या मुलीचा फोन आला. कोळ्याची लेक, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. कुठल्या खाडीच्या तोंडाशी पाणी किती मागेपुढे येतं, तो सगळा भाग तिने लिहिलेला.

"काकू, इंटरव्ह्यूला गेलेले. म्हटलं, हा भाग माझा. त्यांनी तिथेच वेबसाइट उघडली, तर बदलांच्या यादीत सगळीकडे मालकीण. मला विचारतात, मॅडम, मालकीण तुम्ही का?"

"मग?"

"मग काय, नाही म्हटलं. सोमवारी परत बोलावलंय. तोपर्यंत तुमचं काम दाखवा, बोलले."

माझी सून सॉफ्टवेअरमधली. आपला प्रकल्प गिट नावाच्या पद्धतीवर न्या, असं ती दोन वर्षं सांगत होती. त्यात साठा एकाच घरी अडकून राहत नाही. प्रत्येकाकडे पहिल्या दिवसापासूनच्या इतिहासाची पूर्ण प्रत असते. शिवाय काम कोणी केलं आणि आत कोणी घेतलं, या दोन वेगळ्या नोंदी. मी अडून बसले होते.

"सगळे आपापली प्रत घेऊन निघून गेले, तर मला विचारेल कोण?"

"आई, आता तरी कोण विचारतंय? घाबरतात."

शनिवारी दुपारी जेवणं उरकून आम्ही दोघी बसलो. जुना इतिहास नव्या पद्धतीत न्यायचा तर आधी एक यादी द्यावी लागते: इथलं नाव अमुक, खरं माणूस तमुक. सुनेने यादी काढली. यादीत एक ओळ होती.

"बाकीची माणसं कुठायत?"

"ईमेलमध्ये," मी म्हटलं. मी काही टाकून देत नाही. रबरबँडही नाही.

मग एकेक बदल घ्यायचा, त्या तारखेच्या आसपासची ईमेल शोधायची, आणि ज्याचं काम त्याच्या नावावर चढवायचं. रविवारी दुपारपर्यंत तेच चाललं. माझ्या नावावर हळूहळू उरत गेलं ते सुरुवातीचं सांगाड्याचं काम आणि माझा फोटो असलेलं पान. फोटो मी चार वेळा बदलला होता.

"आई, पाचूबंदरच्या वेळेत हा सव्वा तास कोणी वाढवला?"

हा बदल मला पाठ होता. लेकीचं कौतुक म्हणून तिच्या बापाने एकदाच या प्रोग्रामवर विसंबून होडी उशिरा आणली. तोवर ओहोटी लागलेली. होडी चिखलात रुतली आणि मासळीचा लिलाव तिच्याविना झाला. "पोरी, तुजा कंप्युटर कदी पानी बगाया आला व्हता का?" असं तो चारचौघांत म्हणाला. मी सर्व सदस्यांना दीड पानाचं पत्र धाडलं: नवशिक्यांनी काळजी घ्यावी. पोरीने सगळ्यांची माफी मागितली आणि आकडा दुरुस्त करून पाठवला. वेबसाइटवर नुसती यादी; जुना बदल उघडून बघायची सोय तिच्याकडे नव्हती. ती माझ्या टेबलाखाली होती.

"तिचाच असेल," मी म्हटलं.

सुनेने ईमेल उघडली. त्यात सव्वा तास नव्हता. थोडीशी मिनिटं होती आणि ती बरोबर होती. सव्वा तास मी घातला होता, कारण खाडीच्या पार आत, आमच्या वाडीपाशी, पाणी तेवढंच उशिरा पोचतं; पाचूबंदर मात्र खाडीच्या तोंडाशी. आणि खाडी मला ठाऊक आहे अशी माझी समजूत होती.

 सून आवळासुपारीची डबी उघडून वाट बघत बसली. तो सव्वा तास पोरीच्या नावावर गेला असता, तर तसाच सगळ्यांच्या घरी गेला असता, कायमचा. सोमवारी त्या इंटरव्ह्यूवाल्यांकडेही.

मी एक सुपारी मागून घेतली. ती संपली.

"माझं लिही."

"आणि कारण? इथे 'सुधारणा' आहे."

"असू दे तसंच."

संध्याकाळी सर्वांना नव्या साठ्याचा पत्ता कळवला आणि त्याखाली माफी मागितली. ती दोन ओळींत आटपली.

सोमवारी फोन आला.

"काकू, नेमका तोच बदल काढला त्यांनी. चूक कोणाची, म्हणे."

"मग?"

"म्हटलं, नाव समोर आहे. मग दुरुस्त कोणी केली विचारलं. ते माझं होतं. घेतलं मला."

"बरं झालं," मी म्हटलं. खरंच बरं वाटलं.

"आणि एक विचारत होते. ही बाई अजून प्रकल्पात आहे का?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, आहेत. पण आता आम्ही लक्ष ठेवतो."