मिटल्या डोळ्यांनी चढलेला मनोरा

अँब्रोज केटलवेल यांनी यॉर्कशरमध्ये सहा टाउन हॉल बांधले. प्रत्येकाला उंच मनोरा. त्यातल्या एकावरही ते कधी चढले नव्हते. त्यांच्या कचेरीत पत्रं लिहिण्याच्या कामाला लागून मला तीन वर्षं झाली तेव्हा हे कळलं. तोवर आमची चांगली दोस्ती झाली होती. तरीही मी थक्क झालो.

त्यांना उंचीची भीती वाटायची. स्टुलावर चढून घड्याळाला किल्ली देतानाही ते माझा खांदा धरत.

मनोऱ्याचा शेवटचा दगड वास्तुविशारदानं स्वतः बसवायचा आणि मग गवंड्यांना बिअर, अशी रीत. ऐन त्या दिवशी केटलवेलना काहीतरी व्हायचं. एकदा पाय सुजला. दोनदा मावशी वारली.

थॉर्नलीचा मनोरा सातवा. मुख्य गवंडी इनॉक सगडन पहिल्यापासून त्यांच्याबरोबर. यानंतर तो मुलीकडे राहायला जाणार होता. तो कचेरीत आला.

"साहेब, मावशी कशी आहे?"

"ठीक आहे," केटलवेल सावधपणे म्हणाले.

"मग उद्या वर या. हा माझा शेवटचा. तुम्ही नसाल तर दगड बसणार नाही. पोरं तहानलेली राहिली तर शिव्या तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी केटलवेल जिन्यापाशी उभे राहिले. चेहरा पांढरा.

"डोळे मिटून चढतो," ते म्हणाले. "जिना मीच काढलाय. सगळ्या पायऱ्या सात इंचांच्या."

पुढे इनॉक, मागे मी. ते भिंतीला हात लावून मोजत चढत होते. चौऱ्याण्णवाव्या पायरीवर थांबले. संपलं, मला वाटलं.

"इनॉक, ही पायरी उंच आहे."

"गुडघा म्हातारा झालाय, साहेब."

"गुडघा माझा, पायरी तुझी. पट्टी काढ."

इनॉकनं मापलं. पाव इंच जास्त निघाली.

"त्या दिवशी नातीचं बारसं होतं," तो पुटपुटला. "पोरांनी बसवली."

"आणि तू तपासली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं वर येऊन तपासलीत?"

केटलवेल भडकले. चौथ्या मनोऱ्याची गळकी पन्हळ निघाली. पाचव्याचं वाकडं तावदान निघालं. दोघं भांडत चढत राहिले. मोजायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

अचानक वारा लागला. केटलवेलनी डोळे उघडले. खाली सगळं थॉर्नली पसरलं होतं.

त्यांनी इनॉकचा कोट घट्ट पकडला. दुसऱ्या हातानं थापी घेतली, चुना पसरला. दगड टेकला.

"जरा डावीकडे," ते म्हणाले. आवाज कापत होता, पण दगड खरंच डावीकडे हवा होता.

उतरताना ते प्रत्येक पायरीवर बसत बसत आले. पाऊण तास लागला. गवंड्यांनी त्यांच्यासाठी पेला राखून ठेवला होता. कुणीतरी खुर्ची सरकवली.

"नको," केटलवेल म्हणाले. "आज भरपूर बसलो."