गावतळ्याची काळी माती

कुंड्यांसाठी आणलेली मातीची पिशवी फोडली आणि गंगापूर रोडच्या या फ्लॅटमध्ये नामपूरकडच्या आमच्या गावतळ्याचा वास पसरला.

त्या उन्हाळ्यात तळं आटलं होतं आणि गाव गाळ काढत होतं. जो वाहून नेईल, त्याच्या वावरात तो पडायचा. मी आमच्या ट्रॉलीपाशी उभी राहून काळा, मऊ गाळ मुठीत दाबून पाहत होते. दुपारी जेसीबीच्या दातांना पिवळा मुरूम लागला. ड्रायव्हरने मशीन थांबवलं.

"तात्या, अजून खोल गेलो तर तळ्यात पाणी टिकायचं नाही."

वडिलांनी क्षणभर खाली पाहिलं. "वावर मोठं शे. अजून एक ट्रॉली भर."

मलाही तेच हवं होतं. आमची ट्रॉली भरली म्हटल्यावर मागे रांगेत उभे ट्रॉलीवाले कशाला थांबतील?

पुढच्या हंगामात आमच्यासारखा कांदा कुणाचाच नव्हता. तळ्यातलं पाणी मात्र तेव्हापासून दिवाळीपर्यंतही टिकत नाही.

परवा गावाहून चुलतभावाचा फोन आला. तळ्याच्या तळाला पुन्हा काळ्या मातीचा थर द्यायचं ठरलंय. ज्यांनी नेली, त्यांनी वावरातून एकेक ट्रॉली आणून टाकायची.

ते वावर विकूनच मी हा फ्लॅट घेतला. तरीही चुलतभावाला हो म्हणाले आणि फोन ठेवला.