परपेसरची सोयरीक

"आणि वाईट साली?"

समोरच्यानं काहीही सांगितलं, की आमचे प्रोफेसर चष्मा कपाळावर चढवून हेच विचारायचे. कोणी म्हणालं, औंदा तूर चांगली झाली. "आणि वाईट साली?" कोणी म्हणालं, आत्ताच जेवलो. "आणि वाईट साली?" राजेहो, एकानं नुसता रामराम केला, तर त्यालाही हेच विचारलं. तो बिचारा धसक्यानं बाजारालाच गेला नाही.

ही मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. मी रिठदला शाळामास्तर होतो. नागपूरच्या कॉलेजातले हे अर्थशास्त्राचे प्रोफेसर एका उन्हाळ्यात आले आणि त्यांनी शाळेच्या ओट्यावर मुक्काम ठोकला. गरिबी कुठून येते, कुठे जाते, गरिबाचं पोर वर चढतं का, आणि चढलेलं पुन्हा खाली का घसरतं, याच्या मागे ते आयुष्यभर गावोगाव फिरत होते. चालायचे असे, की त्यांच्यावर भुंकणारी कुत्री अर्ध्या वाटेत दमून बसायची.

घोळ झाला तो त्यांच्या प्रश्नांनी. दारात उभे राहून विचारायचे : जमीन किती? बैल किती? बाप काय करायचा? पोरगा काय करतो? आता तुम्हीच सांगा, आमच्या वऱ्हाडात असं कोण विचारतं? मुलीचा बाप! नाहीतर त्यानं पाठवलेला मध्यस्थ. विहिरीवर बातमी फुटली, "परपेसरजवळ नागपूरकडच्या पोरी हायत बाप्पा. साऱ्या जातीच्या!"

झालं. ज्या गावात गरिबी शोधायला आले, तिथून गरिबी पसार! लग्नाचा पोरगा असलेल्या घरोघरी भिंती सारवल्या, शेजारची पितळी भांडी मांडली, आणि दारात पांढरीशुभ्र बैलजोडी उभी राहिली. जोडी मात्र गावात एकच, तेलाचे व्यापारी रहीमचाचा यांची. प्रोफेसर पुढच्या घरी पोचेपर्यंत ती मागच्या गल्लीनं त्यांच्या आधी हजर! शेवटी शेवटी त्यातला मुडप्या शिंगाचा बैल प्रोफेसर दिसले की मान डोलवायला लागला.

"मास्तर," ते मला म्हणाले, "तुमचं गाव फारच सधन आहे. फक्त सगळे बैल एकाच आईचे दिसतात."

मी खरा प्रकार सांगितला. ते इतके हसले, की चष्मा कपाळावरून थेट मांडीत पडला. "मग यांचं खरं उत्पन्न मला कळणार कधी?"

"साऱ्या पोरांची लग्नं लावून द्या, मग कळेल."

त्याच सुमाराला सखाराम सालदाराकडे खरीखुरी सोयरीक आली. सखारामचा जन्म दुसऱ्याच्या शेतात राबण्यात गेला. पोरगा किसन मात्र वाशीमला जिनिंगच्या इंजिनावर काम शिकत होता. पोरगा गुणी, पण रिकामं अंगण पाहूनच आधीचे पाहुणे परतले होते. हेही गेले, तर किसन बिनलग्नाचाच राहणार, असं त्याच्या आईनं धरलं होतं. म्हणून अंगणात चाचांची जोडी बांधलेली, आणि चाचा नि मी ओसरीवर बसलेलो. पाहुणे मालेगावचे, मुलीचा बाप मोठा खमक्या. त्यानं रस्त्यानं चाललेल्या प्रोफेसरांनाच आत बोलावलं.

"सायेब, तुमी घरोघर फिरले. खरं सांगा, हे बैल सखारामचेच हायत न?"

प्रोफेसरांचा चष्मा वर गेला. "नाहीत."

आत किसनच्या आईच्या हातून ताट पडलं. सखारामनं माझ्याकडे असं पाहिलं, की आता हा शाळा पेटवतो!

"हे बैल मी पुष्कळ अंगणांत पाहिले," प्रोफेसर शांतपणे म्हणाले. "तिथे माझी पाठ वळली, की चाचा जोडी सोडून न्यायचे. इथे ती कालपासून आहे, आणि सोबत त्यांनी कडबाही पाठवलाय. बैल उसने मिळतात हो. पण कडबा कोण देतं?"

"अरे, तो क्या जानवर को भूका रखूँ?" चाचा खेकसले. पण कान लाल झाले होते.

मुलीच्या बापानं सुपारीचं खांड तोंडात टाकलं, सावकाश चघळलं, उठला आणि स्वतःच्या हातानं जोडी सोडली. "चाचा, न्या घरी. बैलबी पाह्यले, मानसंबी पाह्यले. आता पोराले भाईर काढा."

वैशाखात लग्न लागलं. आमच्याकडे सोयरीक जुळवणाऱ्याला भर मांडवात फेटा बांधतात. प्रोफेसर मागे सरकू लागले. "अहो, मी मध्यस्थ नाही! मी संशोधन करतो!"

"करा न सायेब, कोन नाही म्हन्ते?" सखाराम म्हणाला. "पन पयले डोकं वाकवा."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना वाशीम स्टेशनावर सोडलं. त्यानंतर ते कधी आले नाहीत. परदेशी गेले, तिकडेच वारले म्हणतात. मला मात्र ते डब्यातच दिसतात. काळा कोट, वर लालभडक फेटा. सोडला तर पुन्हा बांधता येणार नाही, म्हणून तसाच ठेवलेला. समोरच्या बाईनं विचारलं, "पोरीकडचे का पोराकडचे जी?"

जन्मभर लोकांना प्रश्न विचारणारा तो माणूस क्षणभर गोंधळला. मग ताठ बसून म्हणाला, "पोराकडचा."

गाडी हलली.