परक्या गल्लीतलं पिठलं

सांगलीला फिरायला गेलो, तेव्हा एका शांत गल्लीतल्या खाणावळीत मी आणि बायको जेवलो. ती खाणावळवाल्या बाईंना म्हणाली, "पिठल्यात लसूण कमी पडला हो." बाई हसल्या, "मग मावशी, उद्या तुम्हीच या करायला!"

त्याच संध्याकाळी लॉजवर बायको बसल्या जागी गेली. घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात. परगावात मला कुठला शेजार? पण लॉजवाल्याकडून कळलं म्हणून रात्री त्याच बाई पिठल्याचा डबा घेऊन दारात. मी नको म्हणालो.

"काका, गप जेवा."

मोठ्या रस्त्यावर कुणी कुणाचं नसतं. गल्लीत एका जेवणावर नातं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा डबा घासला. जन्मात भांडं घासलं नव्हतं. पिठलं निघेना, तेव्हा परत घासला.