तब्येतीचं शास्त्र

मला डॉक्टर व्हायचं होतं आणि मी मास्तर झालो. यात नवल काही नाही, अर्ध्या नांदेडाचं असंच काहीतरी झालं असेल. पण बाकीच्यांना निदान नशिबाला शिव्या देता येतात. मला माझ्या सख्ख्या थोरल्या भावाला द्याव्या लागतात, आणि त्याही मनातल्या मनात. कारण वडलांच्या माघारी अण्णांनीच मला वाढवलं, असं सगळं गाव सांगतं. वाढवलं, हे खरंच आहे.

निजामाचं राज्य होतं. कचेरी उर्दू, शाळा उर्दू, घरात मराठी. अण्णा तहसिलीत कारकून होते आणि त्यांच्या उर्दूचा मोठा डंका होता. पार मुदखेडाहून लोक अर्ज लिहून घ्यायला यायचे. अण्णा मांडी घालून बसायचे, समोरच्याला एक शब्द कळणार नाही असं लिहायचे आणि वर ठसक्यात वाचून दाखवायचे. समोरचा हात जोडायचा. त्यातलं अण्णांना स्वतःला किती कळत होतं, ही शंका घ्यायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती.

पोरगा शिकला की कचेरीत चिकटवा, नाहीतर रेल्वेत चिकटवा, तेही जमलं नाही तर मास्तर करा. आमच्या वेळी याच्यापुढे कुणाची उडीच जात नव्हती. माझं मात्र लहानपणीच बिनसलं. गढीच्या भिंतीवरून पडलो, खांदा निखळला, आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं तो एका झटक्यात बसवला. मी बोंब मारली, आणि बोंब संपायच्या आत दुखणं थांबलेलं! तेव्हापासून मला दुसरं काही सुचलंच नाही. मॅट्रिक झाल्यावर भीत भीत अण्णांना सांगितलं. वाटलं होतं, आता कानाखाली बसते. पण ते खूश झाले. "आपल्या घरात डॉक्टर? होऊन जाऊ दे!" म्हणाले. त्या दिवशी ते मला देवासारखे वाटले, हेही लिहून ठेवतो.

कॉलेज नांदेडात नव्हतं, परगावी जायचं होतं. फॉर्म आला तो अर्थात अण्णांनीच भरायला घेतला. शाळेत आम्ही सगळ्याला मिळून सायन्स म्हणायचो. इथं शेजारी शेजारी दोन खाने होते, तबीयात आणि हयातियात. दोन्हींपैकी एकावर खूण करायची होती.

"अण्णा, यातलं डॉक्टरकीचं कोणतं?"

"येवढं कळंना व्हय तुला? तबीयात म्हंजे तब्येतीचं शास्त्र. धडधडीत लिहिलंय की."

"आन् हयातियात?"

"हयातीचा दाखला न्हाई का काढत पेन्शनवाले? त्याच्यातलं असंल कायतरी. म्हाताऱ्यांचं."

मला शंका आली होती. आमचे उर्दूचे मास्तर मागच्याच गल्लीत राहायचे. पण अण्णांनी भरलेला फॉर्म दुसऱ्याला दाखवायचा म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांचं नाक कापायचं. मी गेलो नाही.

कॉलेजात पहिल्या दिवशी तराजू निघाला. मग आरसे, मग दोरीला लोंबणारे गोळे. मी वही उघडून आज ना उद्या माणसाचं शरीर निघेल म्हणून वाट बघत बसलेला. थर्मामीटर दिसला त्या दिवशी तर मला केवढा आनंद झाला! महिनाभरानं धीर करून सरांना विचारलं, रोग्यापर्यंत आपण कधी पोचणार? सगळा वर्ग फिदीफिदी हसला. सर हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की तबीयात म्हणजे पदार्थविज्ञान. डॉक्टरीची वाट हयातियातवरून, म्हणजे जीवशास्त्रावरून, जाते. अजून बदलता येईल, पण पंधरा दिवसांच्या आत पालकाचा अर्ज हवा, फॉर्म चुकीचा भरला असा.

मी त्याच दिवशी अण्णांना पत्र टाकलं. पाया पडून लिहिलं. आठव्या दिवशी उत्तर आलं, एवढंसं. "तबीयात म्हणजे तब्येतच. तुला ते लोक बनवून राहिले. अभ्यास कर." सोबत अर्ज नव्हता. मी दुसरं पत्र टाकलं, त्याचं उत्तरच आलं नाही. मुदत गेली. खोटी सही ठोकायची अक्कल तरी मला का सुचली नाही, म्हणून आजही अंगाचा तिळपापड होतो.

पुढं मन लागलं नाही. नापास झालो, परत आलो, उदगीरच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. अण्णा चारचौघांत सांगायचे, "आम्ही पाठवला होता डॉक्टर व्हायला, यानंच तिथं उनाडक्या केल्या." मी खाली मान घालून ऐकायचो. मला वाटायचं, बिचाऱ्यांना खरंच माहीत नाही. अडाणीपणाला काय शिक्षा द्यायची?

सहा-सात वर्षांनी, निजामाचं राज्य अजून होतं तेव्हा, अण्णा एकटेच उदगीरला आले. सकाळच्या गाडीनं उतरून थेट शाळेत. मी वर्गाबाहेर आलो, तर त्यांनी पिशवीतून कॉलेजचा कोरा फॉर्म काढला. त्यांच्या थोरल्या मुलाचा.

"हे तू भर," म्हणाले. "तो हयातियातचा खाना चुकवू नको."

मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला कधी कळलं?"

ते पिशवीचे बंद नीट करत बसले. मग म्हणाले, "तुझं पत्र आलं, तवाच इचारलं होतं कचेरीत. पण चुकलं म्हणून आपल्या हातानं कसं लिहून द्यायचं?"

मी फॉर्म भरला. अक्षर घोटून काढलं. पुतण्याचा यात काय गुन्हा? अण्णांनी तो दोनदा वाचून पिशवीत घातला आणि म्हणाले, "गाडीला लई वेळ हाय अजून."

मी म्हणालो, "स्टेशनवर बसा."